मामीच्या तळहातावरचं ग्रहण

आमच्या यमुनामामीला उन्हाचा ठिपका दिसला की ती हात पुढे करायची. पत्र्याच्या भोकातून, दाराच्या फटीतून, कडुनिंबाच्या पानांतून जमिनीवर ऊन सांडलेलं असलं, की हातातलं काम थांबवून ती वाकायची, उजवा तळहात त्या ठिपक्याखाली धरायची, क्षणभर पाहायची आणि म्हणायची, "बराबर आहे." मग हात लुगड्याला पुसून पुन्हा वांगी तोडायला लागायची. नव्या माणसाला वाटायचं, बाईला काही लागलं की काय. जुन्यांना ठाऊक होतं, की सूर्य जागच्या जागी आणि गोल आहे अशी खात्री करून घेतल्याशिवाय आमच्या मामीचा दिवस पुढे सरकत नाही.

ही सवय तिला कशी लागली ते मला माहीत आहे, कारण मी तिथे होते. आमच्या घरात जुन्या गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. ते मी मागून घेतलेलं नाही. ज्यांनी माझ्या हातची भाजी खाल्ली आहे ते सगळे एकमुखाने म्हणतात, हिला बोलायला बसवा, चुलीपाशी दुसरं कुणीतरी जाईल.

मामीचा मळा धाड नावाच्या गावाला लागूनच. विहीर, वांगी, मिरच्या, मेथी आणि सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर. आमच्या भागात कोथिंबीर म्हणणारा माणूस बहुधा बदलीवर आलेला असतो. मामी उंच, हाडापेराने मजबूत, आवाज मात्र मऊ. माहेर पिंपळगाव राजाचं, त्यामुळे बोली पक्की वऱ्हाडी. मी बुलढाण्याची, कारकुनाची लेक, शुद्ध बोलायचा प्रयत्न करणारी. सुट्टीत गेले की मामी माझ्या बोलण्याकडे कौतुकाने पाहायची आणि मामांना म्हणायची, "ऐकून राह्यले का? रेडिओ आला."

मामी पहिल्यांदा गरोदर होती तेव्हाची गोष्ट मी अर्थातच ऐकलेली. एका सकाळी सूर्यग्रहण होतं. घरात पंचांग पाहणारे सासरे परगावी गेलेले, सासूच्या लक्षात राहिलं नाही. दिवस बाजाराचा. मामी पहाटेच विळा घेऊन मळ्यात गेली आणि सांभार कापू लागली. मध्येच उजेड फिकट झाला, तिला वाटलं आभाळ आलं. जुड्या बांधून, टोपली डोक्यावर घेऊन ती बाजारात पोचली, तर बाजारात कुणीच नाही. एक बैल होता. तोही बांधलेला होता म्हणून.

पुढे दिनकर जन्मला तो वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. सासूने मागचे महिने मोजले आणि निकाल देऊन टाकला : ग्रहणात विळा चालवला, म्हणून लेकराचा ओठ चिरला. त्या दिवसापासून मामी गावाचं उदाहरण झाली. कुठलीही सून गरोदर राहिली, की तिला मामी लांबून दाखवली जायची. लग्नाच्या पंगतीत वाढताना मामी पुढे आली की एखादी म्हातारी आपल्या सुनेला कोपरखळी मारायची, "हीच ती."

मामी यावर भांडली नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं : "म्या त्याले पाह्यलंच नाही ना माय. मी खाली मुंडकं घालून सांभार कापून राह्यली होती, तो वर होता. आमची भेटच नाही झाली. लोक म्हणतात त्यानं केलं. असंल. पण ज्यानं केलं त्याचं तोंड तं पाहू द्या मले."

बारशाच्या दिवशी नावावरून चर्चा झाली तेव्हाही ती म्हणाली, "दिनकर ठेवा. ज्याच्यावर आळ आहे त्याचंच नाव ठेवा. निदान त्याले तरी लाज वाटंल."

दिनकरचा ओठ पुढे अकोल्याच्या दवाखान्यात शिवला. मिशी आली तेव्हा तिच्यामधून शेताच्या बांधावरची पायवाट जावी तशी एक रेघ राहिली. तो नाकातून बोलायचा, म्हणून लोकांत कमीच बोलायचा. आईशी मात्र दिवसभर.

"त्याचं तोंड पाहू द्या" हे मामीचं वाक्य आम्ही सगळे तोंडी लावण्यापुरतं घेत होतो. ते तिनं किती मनावर घेतलं होतं, ते एका भाऊबीजेला कळलं. तिचा भाऊ नागपूरला नोकरीला होता. दरवर्षी लुगडं आणायचा. त्या वर्षी मामीनं आधीच निरोप धाडला : "औंदा लुगडं नको. तुह्या साहेबाजवळ फोटोचा डबा आहे म्हणे, तसा जुनापाना मिळाला तं घेऊन ये." भावाला वाटलं, बहिणीला दिनकरचे फोटो काढायचे असतील. तो बिचारा डबा घेऊन आला. काळा, चौकोनी, वर पाहायची एवढीशी काच, बाजूला एक खटका. मामीनं त्याला ओवाळलं, डब्यालाही ओवाळलं, आणि विचारलं, "याच्यात सूर्य मावते का?"

तेव्हापासून पाडव्याला गुरुजी पंचांग वाचायला आले, की बाकीचे पावसाचं विचारायचे, मामी दाराआडून विचारायची, "औंदा ग्रहण आहे का जी?" आधी गुरुजींना तिची कीव यायची. पुढे पुढे ते स्वतःच ओसरीवरून हाक मारून सांगायला लागले, "यमुनाबाई, औंदा नाही. पुढल्या साली पाहू." बी-बियाणं आलं नाही म्हणून दुकानदार सांगतो तसं.

पहिलं ग्रहण तिनं काढलं ते मळ्यातून. कंदिलाच्या ज्योतीवर काच धरून काजळी जमवली, ती डब्याच्या डोळ्यापुढे धरली आणि खटका ओढला. गाव घरात बसलेलं. मामा विहिरीच्या काठावर पाठ करून बसले होते. त्यांना ग्रहणाची भीती नव्हती, पण बायको सूर्याशी काय बोलते ते ऐकायचं होतं. मामांनी नंतर सांगितलं, "काही नाही बोलली. नुसती म्हणे, हालू नको."

फिल्म बुलढाण्याच्या फोटोवाल्याकडे गेली. सोबत निरोप : मोठा करून द्या. फोटो आला तेव्हा सगळा काळा कागद आणि त्यात मसुरीच्या डाळीएवढा एक पांढरा ठिपका. मामीनं तो डोळ्याशी नेला. ठिपका गोल होता. अगदी वाटोळा, नाकीडोळी नीटस. तिनं स्वतः काजळीच्या काचेतून सूर्याचा चावलेला काठ पाहिला होता, आणि फोटोत मात्र सूर्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

ती एसटीत बसून बुलढाण्याला गेली. फोटोवाला भला माणूस. मुलींच्या दाखवायच्या फोटोंवरून देवीचे वण पुसणं, सावळीला गोरी करणं, पुढे आलेले दात मागे सारणं, ही त्याची ख्याती. त्याच्या ब्रशाने जिल्ह्यातली कितीतरी लग्नं जमवली होती. तो मामीला म्हणाला, "बाई, ठिपका एका बाजूनं खाल्लेला होता. मी पांढरा रंग भरून नीट करून दिला. त्याचे पैसे नाही लावले बरं."

मामीला रागावता आलं नाही. माझ्याच आईचा लग्नाचा फोटो त्यानं नीट केला होता. ती घरी येऊन एवढंच म्हणाली, "फोटो खोटं नाही बोलत वं. फोटो धुणारा बोलते." हे वाक्य पुढे आमच्या घराण्याचं झालं. कुणाच्या सोयरिकीचा फोटो आला की अजूनही कुणीतरी म्हणतंच.

दुसऱ्या वेळी ढग आले. मामी डबा घेऊन मळ्यात उभी, आणि वर नुसता राखेचा थर. दुसरी कुणी असती तर परतली असती. मामी सरळ गावात गेली आणि तिनं बाजाराच्या रस्त्याचा फोटो काढला. बंद दारं, उलट्या करून ठेवलेल्या टोपल्या आणि मधोमध आरामात बसलेली एक शेळी. "ग्रहण नाही भेटलं," ती म्हणाली, "पण ग्रहणाचा गाव भेटला." तो फोटो चांगला आला होता. शेळी फारच सुंदर आली होती. फोटोवाल्याने तिचं काहीतरी केलं असावं असा मला अजून संशय आहे.

मग आलं ऐंशी सालचं ग्रहण. या वेळी सूर्याचा बराच मोठा तुकडा जाणार, असं रेडिओ कधीपासून सांगत होता. मामीनं फिल्म आणून ठेवली होती. मळ्यात डबा ठेवायला दगडांचा चौथरा रचला होता. आणि नेमकी त्याच वेळी दिनकरची बायको शांता गरोदर होती.

शांता बीबी गावची. तिची आई ग्रहणाच्या आधीच येऊन दाखल झाली, सोबत जुन्या चिंध्यांचं गाठोडं. बीबीच्या विहीणबाई म्हणजे धोरणी बाई. आल्या आल्या त्यांनी घरातले विळे, सुया, कात्री, अडकित्ता, सगळं धारेचं सामान गोळा करायला सुरुवात केली. मामीनं काही न बोलता सगळं त्यांच्या पुढ्यात आणून ठेवलं, वर पोलक्याची टाचणीही काढून दिली. विहीणबाईंनी खुंटीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "याला धार नाही ना?"

"नाही," मामी म्हणाली. "याले नुसता डोळा आहे."

त्या दिवशी दुपारी शांताला मागच्या खोलीत बसवलं. पत्र्याचं छत, सारवलेली जमीन, चुना दिलेल्या भिंती. विहीणबाईंनी खिडकी चिंध्यांनी बुजवली, दाराच्या फटी बुजवल्या, भिंतीतलं उंदराचं बीळसुद्धा सोडलं नाही. शांताला भिंतीला टेकवून, पाय लांब करून बसवलं आणि हुकूम सुटला : ग्रहण सुटेपर्यंत हलायचं नाही, वाकायचं नाही, खाजवायचं नाही. मला तिच्या सोबतीला ठेवलं. मी तोवर नोकरी करणारी, स्वतःला आधुनिक समजणारी बाई झाले होते. तरी त्या अंधारात माझं नाक खाजवायला लागलं तेव्हा मीही ते नाही खाजवलं. उगाच कशाला?

मामी मळ्यात जायला निघाली. कॅमेरा कोरड्या फडक्यात बांधलेला. तेवढ्यात शांता म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही चालल्या का?"

"हाव. येतेच मी."

शांता अगदी हळू म्हणाली, "मला ग्रहणाची भीती नाही वाटत. पण लेकराला काही झालं तर लोक मलाच म्हणतील ना? तुम्हाला म्हटले तसं?"

दारातल्या उजेडात मामी उभी होती. इतक्या वर्षांत तो प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. लोकांनी तिला दाखवलं होतं. काय वाटलं, हे कुणी विचारलं नव्हतं. बाहेर तिचा चौथरा होता, आणि पुन्हा एवढं मोठं ग्रहण तिच्या हयातीत या भागात येईल की नाही, ते गुरुजींच्या पंचांगालाही सांगता आलं नसतं.

मामीनं कॅमेरा परत खुंटीला अडकवला. आत आली, दार लावून घेतलं, फट स्वतःच्या हाताने बुजवली आणि शांताजवळ मांडी घालून बसली. "काऊन म्हणतील? मी हाये ना इथं. म्हणायचंच झालं तं मले म्हणतील. मले सवय आहे."

थोडा वेळ काहीच झालं नाही. अंधार, चिंध्यांचा वास, विहीणबाईंचं पुटपुटणं. मग शांताच म्हणाली, "हे काय आलं?"

जमिनीवर उन्हाचा एक तुकडा पडला होता. वर पत्र्यातला एक खिळा कधीतरी गळून पडलेला, त्या भोकातून आलेला. खोली इतकी काळीकुट्ट झाली होती म्हणूनच तो दिसला. पण तो गोल नव्हता. एका बाजूने कुणी घास घेतलेल्या भाकरीसारखा होता.

"बुजवा!" विहीणबाई ओरडल्या. "आधी ते बुजवा!"

ओसरीवरून मामांचा आवाज आला, "पत्र्यावर कोण चढंल? ग्रहणात बाहेर निंघायचं नाही, तुम्हीच सांगितलं."

"मग शांते, तू ऊठ तिथून! नको, नको, उठू नको! हलायचं नसतं!"

असा पेच पडला. ऊन थांबत नाही. तो तुकडा दिसत होता तोवरच पुढे सरकत होता, जमिनीवरून, सावकाश, थेट शांताच्या पावलांकडे. आणि सरकता सरकता बारीक होत होता. शांताने माझं मनगट धरलं. "ताई, माझ्यावर येतंय."

मामी उठली. गुडघे टेकले. शांताच्या पावलांच्या अलीकडे हात लांब केला आणि तो तुकडा आपल्या तळहातावर घेतला.

"हलू नको तू," ती म्हणाली. "मी धरते त्याले."

भेगाळलेला, विळ्याचे जुने वण असलेला तो हात, आणि त्यावर सूर्य. हातभर लांबून पाहिला तरी काठ दिसत होते. मसुरीएवढा नाही, चांगला बंद्या रुपयाएवढा. आता तो इतका खाल्ला गेला होता की बाक धरलेली नुसती कोर उरली होती. मामी त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हा तं विळाच आहे वं."

विहीणबाईंचं पुटपुटणं थांबलं. त्या तोंडावर पदर धरून, एक डोळा झाकून, एका डोळ्याने पाहत होत्या.

"झाली बाई," मामी स्वतःशीच म्हणाली. "झाली एकदाची भेट."

तेवढ्यात आतल्या दाराने दिनकर आला. हातात कॅमेरा. त्याने धान्याचं माप पालथं घातलं, त्यावर डबा ठेवला. त्या डब्याला एक खुंटी होती, ती वर ओढली की आतली झडप उघडीच राहायची. "मा," तो नाकातून म्हणाला, "हात हालवू नको."

"सूर्य हालून राह्यला रे बाप्पा, मी काय करू?"

"तू नको हालू."

झडप उघडली. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला, विहीणबाईंनीसुद्धा. झडप मिटली. पण मामीनं हात काढला नाही. कोर सरकेल तसा हात सरकत गेला. शांताच्या पायांवरून, मांडीवरून, आणि शेवटी पोटावर छत्री धरावी तसा तिनं तो धरून ठेवला. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हाताने मनगटाला टेकू दिला. शांताच्या अंगावर त्या दिवशी उन्हाचा एक कणही पडला नाही. कोर हळूहळू भरत गेली, आणि भाकरी पुन्हा भाकरी झाली, तेव्हा कुठे मामीनं मूठ मिटली.

या वेळी फिल्म द्यायला मायलेक दोघं बुलढाण्याला गेले. मामी फोटोवाल्याच्या अंधाऱ्या खोलीबाहेर स्टूल घेऊन बसली. तो आता थकला होता, पण हाताची खाज गेली नव्हती. ओला फोटो घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, हात फार भेगाळलेला दिसतो. जरा साफ करू का? आणि ही कोर..."

"हात लावू नको," मामी म्हणाली. "तुह्या पाया पडते."

फोटो थोडा हललेला आहे. बोटांची टोकं धुरकट आहेत. पण मधोमध ती कोर स्वच्छ आहे. परतीच्या एसटीत काय झालं ते दिनकरने मला पुष्कळ उशिरा सांगितलं. मामीनं फोटो मांडीवर घेतला होता. धाड जवळ आल्यावर ती त्याला म्हणाली, "पहाय रे. हा एवढा दुरून आला, हातावर बसला, मले साधा चटकाही नाही दिला. याच्यानं तुह्या ओठाले काय होते?"

दिनकर म्हणाला, "मा, म्या तं कधी तुले काही म्हटलं नाही."

"माहीत आहे," मामी म्हणाली. "म्हणूनच तं विचारू नाही शकली इतके दिवस."

शांताला उन्हाळ्यात मुलगी झाली. सुईणीने लेकरू बाहेर आणून मुलगी आहे असं सांगितलं, तर कुणालाच ते ऐकू गेलं नाही. सगळे लेकराच्या तोंडाकडे पाहत होते. ओठ गुलाबी, अखंड. विहीणबाई सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा! मी बुजवलं म्हणून!"

"हाव," मामी म्हणाली. "तुमच्यामुळंच. फोटोही तुमच्यामुळंच आला. एवढा अंधार आमच्याच्यानं झाला नसता."

मला ते सहन झालं नाही. नंतर न्हाणीपाशी गाठून मी विचारलं, "मामी, तुम्ही का नाही बोललात? ते खोलीत बसवण्यामुळे झालं नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

मामी लेकराचे कपडे पिळत होती. "आळ येते तवा एकटीवर येते वं," ती म्हणाली. "चांगलं झालं तं चार जणींनी वाटून घेतलं, काय बिघडलं? आन् उद्या वाईट झालं असतं, तं विहीणबाई माह्यासंगं उभ्या असत्या. त्याही खोलीतच होत्या ना."

त्यानंतर मामीनं ग्रहणाचा फोटो काढला नाही. कॅमेरा नातीच्या खेळण्यांत गेला. पाडव्याला गुरुजींना विचारणंही थांबलं. गुरुजींनाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. राहिली ती फक्त हात पुढे करायची सवय. उन्हाचा प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याचा फोटो असतो, हे तिला त्या दुपारी कळलं होतं आणि ते ती काही केल्या विसरायला तयार नव्हती.

मी तिला शेवटची पाहिली ती एसटीच्या खिडकीतून. मी पुढच्या गावाला निघालेले, धाडच्या बाजाराचा दिवस, गर्दीत गाडी अडकलेली. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या छपरीखाली मामी वांगी आणि सांभार घेऊन बसली होती. पार वाकलेली, केस पांढरे. समोर एक तरुण बाई वांगी निवडत होती, पोट चांगलंच पुढे आलेलं. सोबत तिची सासू. सासूने मामीकडे पाहिलं, सुनेच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला ऐकू येण्यासारखं नव्हतं. सून मामीकडे टक लावून पाहायला लागली.

मामीनं ते पाहिलं की नाही, कोण जाणे. छपरीच्या पत्र्यातून उन्हाचा एक ठिपका खाली आला होता आणि नेमका त्या सुनेच्या पोटावर, हिरव्या लुगड्यावर टेकला होता. मामीनं तराजू खाली ठेवला. हात लांब करून, तिच्या अंगाला न लावता, तो ठिपका आपल्या तळहातावर उचलून घेतला. पाहिला. सुनेलाही दाखवला. ओठ हलले, तेवढं मला खिडकीतून कळलं. मग हात लुगड्याला पुसून तिनं सांभाराची एक जुडी फुकट त्यांच्या पिशवीत टाकली, आणि माझी गाडी सुटली.